साडेसहा हजारांची चकली

आमच्या आप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, घरात विनाकारण चालू असलेली कुठलीही वस्तू सहन होत नाही. टीव्हीचा तो लाल ठिपका, गीझरचा दिवा, गॅलरीतला बल्ब, काहीही. रात्री पावणेअकराला सगळ्यांची निजानीज झाली की ते घरभर एक फेरी मारतात, बटणं बंद करतात, गॅसचा कॉक बघतात, दाराची कडी दोनदा ओढून बघतात आणि मग आडवे होतात. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस, कुठून काय गळतंय ते बघायची सवय जाता जात नाही.

तर २०११ साली आमच्या नाशिकच्या घरात वायफाय आलं. कपाटावर तो काळा डबा, त्याला एक शिंग आणि पुढे हिरवे चार-पाच दिवे, सतत लुकलुकणारे. आप्पांनी पहिल्याच दिवशी विचारलं, हे रात्रभर असंच चालू राहणार का? नवरा म्हणाला हो, तसंच असतं. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांच्या रात्रीच्या फेरीत एक बटण वाढलं, इतकंच. आणि आम्हाला कोणाला ते कळलंही नाही, कारण सकाळी साडेपाचला उठून, दूध तापवायच्या आधी, ते स्वतःच परत चालू करायचे.

त्याच वर्षी दसऱ्याला मी माझा पहिला स्मार्टफोन घेतला. त्याआधीचा माझा फोन बटणांचा, त्यात फक्त फोन, मेसेज आणि सापाचा गेम. सिमकार्ड तेच ठेवलं, पोस्टपेड, महिन्याला चारशे-सव्वाचारशेच्या आसपास बिल यायचं आणि मी ते ऑफिसमधून येताना भरून टाकायची, विषय संपला. दुकानातल्या मुलाने विचारलं होतं, मॅडम नेट पॅक टाकायचा का? मी म्हटलं घरी वायफाय आहे, ऑफिसात कॉम्प्युटर आहे, रस्त्यात मला नेट कशाला लागतंय? तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं, शंभर-दोनशे रुपये वाचवले म्हणून.

मग दिवाळी झाली. आणि तुळशीच्या लग्नानंतर, पत्रिकांचा सीझन सुरू होतो ना नेमका तेव्हाच, पोस्टमनने एक जाडजूड पाकीट टाकलं. मला खरंच लग्नपत्रिकाच वाटली. फोडलं तर फोनचं बिल. ६,५६२ रुपये.

पहिल्यांदा माणूस काय करतो, नाव बघतो. नाव माझंच. मग नंबर बघतो. नंबरही माझाच. मग टिंब कुठे राहिलंय का ते बघतो. टिंब जागच्या जागी होतं. सासूबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं, कोणाची गं पत्रिका? मी म्हटलं माझीच समजा.

आमच्या पिढीला फोनच्या बिलाची भीती काही नवीन नाही खरं तर. ही भीती आम्हाला लहानपणापासून पाजलेली आहे. पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ, काचेच्या खोक्यात आपण, आणि डोळ्यासमोर ते लाल आकडे पळतायत. रात्री अकरानंतर पाव चार्ज म्हणून कडाक्याच्या थंडीत स्वेटर घालून आम्ही रांगेत उभे राहायचो, आणि आत गेल्यावर बाबा मावशीशी बोलायचे ते डोळे मीटरवर ठेवून. "कशी आहेस" याचं उत्तर लांबायला लागलं की बाबांचा आवाज बदलायचा. मोबाईल आल्यावरही तेच. १९९५च्या ३१ जुलैला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रातले दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला, तो देशातला पहिला मोबाईल कॉल, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आलेला फोन उचलायचेही पैसे पडायचे. म्हणजे कोणी आपल्याला फोन केला तर भुर्दंड आपल्याला! २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं तेव्हा आप्पा म्हणाले होते, आता कोणाशीही तुसडेपणा करायची गरज नाही. तरी मिस्ड कॉलची भाषा राहिलीच. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, तीन म्हणजे काहीतरी झालंय, उचल.

पण या सगळ्यात एक गोष्ट पक्की होती, पैसे तोंड उघडल्यावर पडायचे. गप्प बसलं की खर्च शून्य. मी तर झोपले होते हो.

झोपले होते हे मी छातीठोकपणे सांगू शकते कारण पाकिटात सोबत पूर्ण तपशील होता, पानंच्या पानं. तारीख, वेळ, किती डेटा, किती पैसे. रात्री मी, नवरा आणि आप्पा असे तिघं जेवणाच्या टेबलावर ती पानं पसरून बसलो. आप्पांनी त्यांचा जुना पार्कर काढला, आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला, म्हणजे आता ऑडिट. त्यांनी एकेका ओळीखाली रेघ मारायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांनी म्हणाले, सूनबाई, दिवसा काहीच नाहीये. सगळं रात्रीचं आहे. १०:४७. १०:४६. १०:५१. पुढच्या दिवशी परत १०:४८.

मग दर बघितला. १० केबीला १० पैसे. ऐकायला किती गरीब वाटतं ना, दहा पैसे! दहा पैशाला तेव्हा गोळीपण येत नव्हती. आप्पांनी बिलाच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. एक एमबी म्हणजे १०२४ केबी, म्हणजे १० रुपये २४ पैसे. बरं. आणि एक जीबी? त्यांनी गुणाकार केला, परत केला, मग पेन खाली ठेवलं. १०,४८५ रुपये ७६ पैसे. आता मुलं सकाळी आंघोळीच्या आधी एक जीबी संपवतात. त्या दराने आमच्या घराचं महिन्याचं बिल भरायला वावर विकावं लागलं असतं, आणि वावर आम्हाला नाही.

माझ्या खात्यावर डेटाचा आकडा होता ५४० एमबी. त्याचे झाले ५,५२९ रुपये ६० पैसे, वर नेहमीचे ४२०, वर १०.३ टक्के सर्व्हिस टॅक्स. हिशोब पैशापर्यंत बरोबर निघाला. आप्पा हळूच म्हणाले, बिल चोख आहे. त्यांच्या आवाजात थोडं कौतुक होतं, मला ते आवडलं नाही.

पण ५४० एमबीचं मी केलं काय? ते सापडायला आणखी एक तास गेला, आणि ते माझ्या भाचीने शोधलं, वय वर्षं चौदा. फोनमध्ये एक अ‍ॅप होतं, मी न मागता आलेलं, जे काढलेला प्रत्येक फोटो आपण होऊन वर कुठेतरी चढवून ठेवत होतं. मी दिवाळीत वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत पावणेतीनशे फोटो काढले होते. नवीन फोन, पाच मेगापिक्सेल, रोल धुवायचा खर्च नाही, मग काय! चकल्या तळताना, चकल्या निथळताना, चकल्या डब्यात. रांगोळीचे अकरा. एकेक फोटो साधारण दोन एमबीचा.

आणि आमचं त्यावेळचं ब्रॉडबँड, घ्यायला बरं पण द्यायला एकदम कंजूष. फोटो वर चढवायला एकेकाला मिनिट-सव्वा मिनिट लागायचं, तेही सगळं सुरळीत असलं तर. म्हणजे दिवसभराचे पन्नास फोटो संध्याकाळपासून बिचारे रांगेत उभे, रेशनच्या दुकानासमोर उभे राहतात तसे, एक गेला की दुसरा. रात्र होईपर्यंत पाच-सहा जायचे, कारण घरात बाकीचेही नेट वापरत होते. आणि पावणेअकराला आप्पा फेरीवर निघायचे.

आता लक्षात आलं असेल.

डब्याचे हिरवे दिवे विझायचे, फोनला वायफाय मिळेना की तो निमूटपणे मोबाईलच्या नेटवर्ककडे वळायचा. आणि तिथे होतं नवंकोरं थ्रीजी. जुनं टूजी असतं तर रडतखडत चार फोटो गेले असते आणि मी वाचले असते. थ्रीजीवर सगळी रांग अर्ध्या तासात मोकळी. उशाशी फोन, मी घोरतेय, आणि वीस-वीस रुपयांना एकेक चकली आकाशात चाललीय. त्यातले निम्मे फोटो हललेले. एकात नुसता माझा अंगठा आहे, त्याचेही वीस रुपये ४८ पैसे.

टेबलावर जरा वेळ कोणीच बोललं नाही. मग नवऱ्याने अगदी जपून विचारलं, आप्पा, तुम्ही रात्री राउटर बंद करता का हो?

आप्पा म्हणाले, म्हणजे काय! रात्री कोणाला लागतं?

त्यांचा चेहरा बघून मला बिलापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटायला लागलं. कारण त्यांनी लगेच पेन उचललं आणि दुसरा हिशोब मांडला. तो डबा सात वॉटचा, रात्रीचे सात तास, महिन्याचं दीड युनिट. एमएसईबीच्या दराने, आमच्याकडे महावितरणला अजून एमएसईबीच म्हणतात, सात-आठ रुपये. एका कागदावर शेजारी शेजारी दोन आकडे लिहिले, वाचले ते आणि गेले ते. मग कागदाची घडी केली, आणि बिलं ओवून ठेवायची त्यांची ती तार असते ना, भिंतीवर खिळ्याला, तिच्यात ओवून टाकली. ती अजून आहे तिथे.

मला राहून राहून वाटतं की त्यांचं गणित चुकलं नव्हतंच मुळी. आयुष्यभर जो खर्च झाला तो त्यांना दिसलाय. नळ गळतो तर टपटप ऐकू येतं. मीटर पळतो तर चकती फिरताना दिसते. दिवा लागलाय म्हणजे काहीतरी जळतंय. घरात सगळ्यात जास्त लुकलुकणारी वस्तू ती, म्हणून तिच्यावर त्यांचा डोळा. आणि माझा फोन? तो काळा ठिक्कर पडून होता, पालथा, एक दिवा नाही की आवाज नाही. त्याच्यावर कोण संशय घेणार!

दुसऱ्या दिवशी कस्टमर केअरला फोन लावला. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. चौथ्या वेळी एक मुलगी मिळाली, गोड आवाजाची, तिने तीन वेळा माझी असुविधा समजून घेतली. मी म्हटलं अहो मी झोपले होते. ती म्हणाली मॅडम, आपला हँडसेट जागा होता. याच्यावर काय बोलणार, मला हसूच आलं. शेवटी नेट पॅक घेतला तर डेटाचे अर्धे पैसे माफ करतो म्हणाले, एकदाच, सौजन्य म्हणून. घेतला. पॅक होता शंभरपेक्षा कमीचा. दसऱ्याला त्या दुकानातल्या मुलाने सांगितला होता तोच.

असे किती जण त्या काळात भाजले असतील! पुढे ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम केला की ग्राहकाने स्पष्ट हो म्हटल्याशिवाय डेटा चालू करायचा नाही, १९२५ वर मेसेज करून चालू-बंद करायची सोय आली. मी तो नंबर किती दिवस फ्रिजवर चिकटवला होता, गॅसवाल्याच्या नंबरशेजारी. लागला कधीच नाही.

नंतर एकदा नवऱ्याला झटका बसला, पण तो त्याच्या मूर्खपणाने. २०१८ला ऑफिसच्या कामाने सिंगापूरला गेला, विमान उतरल्या उतरल्या फ्लाइट मोड काढला आणि रोमिंगचा डेटा बंद करायला विसरला. सामानाच्या पट्ट्यापाशी पोचेपर्यंत तेवीसशे रुपये. फॅमिली ग्रुपवर काकांनी पाठवलेला व्हिडिओ आपोआप उतरला होता, हळदीच्या दुधाचे फायदे. परत आल्यावर त्याने काकांना काही सांगितलं नाही, पण त्या वर्षी भाऊबीजेला मसाला दूध मात्र प्यायला नाही.

बाकी २०१६च्या सप्टेंबरपासून सगळा खेळच उलटा झाला. जिओ आलं, आधी काही महिने फुकट, मग रोजचा एक जीबी, दीड जीबी, दोन जीबी, आणि बाकीच्या कंपन्यांनाही मागोमाग यावं लागलं. पोस्टपेड मी केव्हाच सोडलं. आता बिल येतच नाही, पैसे आधीच गेलेले असतात. नाक्यावरचा भाजीवालासुद्धा गिऱ्हाईक नसलं की क्रिकेट बघत बसतो. आप्पांनाही स्मार्टफोन घेऊन दिला, त्यात रोज दीड जीबी. मला वाटलं आता तरी हा माणूस निवांत होईल.

काल रात्री पाणी प्यायला उठले. घड्याळात साडेअकरा होऊन गेले होते. हॉलमध्ये अंधार, कपाटावरचा राउटर बंद, अर्थातच, नवा फायबरचा आहे तरी पावणेअकराला तो बंद होतोच, आम्ही आता सगळे जण त्याला शरण गेलोय. आणि कोपऱ्यातल्या दिवाणावर निळसर उजेड. आप्पा भिंतीला टेकून बसलेले, डोळे अर्धे मिटलेले, एका कानात वायर, पुढ्यात कीर्तन चालू.

मी म्हटलं, आप्पा, झोपायचं नाही का? केवढा उशीर झालाय.

त्यांनी कानातली वायर काढली आणि हळूच, सासूबाई उठू नयेत अशा बेताने म्हणाले, "अगं, अजून चारशे एमबी शिल्लक आहेत आजचे. बाराला सगळं वाया जाईल."

मी शेजारी बसले. त्यांनी दुसरी वायर माझ्याकडे दिली. बुवांचं आख्यान रंगात आलं होतं, आणि बारा वाजायला अजून वीस मिनिटं होती.