घरात नवीन मेंबर आलाय

शेवटी आज आणलाच त्याला! भुसावळ हायवेवर धाब्यामागे बांधून सोडून दिलेला होता, एका ताईंनी उचलून सांभाळला आणि आज आमच्याकडे आला. चार महिन्यांचं पिल्लू आणि वजन १८ किलो, ग्रेट डेन आणि गावठीचं मिक्स असावं असं डॉक्टर म्हणाले. पंजे बघाल तर माझ्या तळहाताएवढे. आजी दारातच म्हणे, हाई कुत्रं शे का वासरू? आणि लगेच भाकरी कुस्करून दुधात घालायला गेली.

डॉक्टरांनी एक गोष्ट नीट समजावली ती सगळ्यांनीच लक्षात ठेवा, एवढ्या मोठ्या पिल्लाला मनाने वरून कॅल्शियम पाजायचं नाही, हाडांची वाढ बिघडते, आणि हाडं पूर्ण भरायला दीड-दोन वर्षं लागतात म्हणून तोवर जिने, उड्या जपूनच. रेबीजची लस आजच दिली. आणि हो, भरीत अजिबात नाही, त्यात कांद्याची पात असते आणि कांदा कुत्र्यांना विषारी, आजीला हे पटायला वेळ लागला.

गळ्यावर दोरीचा वळ आहे अजून, तिथले केस गेलेत. हात लावला की अंग चोरतो, मग हळूच डोकं मांडीवर टेकवतो, माझं तर काळीज तुटलं भो. असं कोण बांधून जातं?

नाव वाघ्या ठेवलंय. आता जळगावचं ऊन सुरू होईल, कूलरसमोरची जागा त्याचीच. कोणाकडे जुनी जाड सतरंजी असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन.