तो जाते, ही गोज

वऱ्हाडी माणसाची नक्कल करायची झाली की पुण्या-मुंबईकडचे लोक एकच वाक्य काढतात: "काय करून राह्यला बे?" आणि हसतात. आपल्याकडच्या शाळांतही हे बोलणं चपलांसोबत दाराबाहेर ठेवायची रीत आहे. इंग्रजीच्या तासाला तर पोराला दोन मुक्काम करावे लागतात. आधी वऱ्हाडीतून पुस्तकी मराठीत यायचं, मग तिथून इंग्रजीत जायचं. यातला मधला मुक्काम टाळला तर इंग्रजीचं निम्मं व्याकरण अंगणातच सापडतं, हे मात्र कोणी सांगत नाही.

"मी जातो" आणि "तो जातो". पुस्तकी मराठीत 'मी'चा 'तो' झाला तरी क्रियापद जागचं हलत नाही, म्हणून त्या मराठीवर वाढलेलं पोर "ही गो" लिहून मोकळं होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी-दारव्ह्याकडचं पोर काय म्हणतं? मी जातो, तो जाते. बाप काय म्हणते? पाऊस येते. 'तो' आला की शेपूट बदलायचं, ही सवय त्याच्या जिभेला आधीपासून आहे. आय गो, ही गोज. शेपूट कोणतं एवढंच नवं, कधी लावायचं ते त्याला ठाऊक आहे. फळ्यावर ही दोन वाक्यं शेजारी लिहिली की वर्गात जे हसू फुटतं, ते नकलेच्या हसण्याहून फार वेगळं असतं.

पुढचा घोळ नकाराचा. "ही डझ नॉट गोज." इथे पोरानं एस विसरलेला नाही, दोनदा लावलाय. एका वाक्यात एस एकदाच. डझमध्ये तो येऊन बसला की मागचं क्रियापद मोकळं सोडायचं: ही डझ नॉट गो. भूतकाळातही तेच. डिडनं भूतकाळ उचलला की वेंटला काम उरत नाही, म्हणून डिड नॉट गो. हे समजावताना "मूळ रूप", "साहाय्यकारी" वगैरे शब्द आणले की निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघतो. डझवर आणि क्रियापदावर बोट ठेवून नुसतं विचारावं: एस कोणाकडे आहे?

आता ते बदनाम "करून राह्यलो". तो जाते म्हणजे ही गोज. तो जाऊन राह्यला म्हणजे ही इज गोइंग. रोजचं वेगळं, आत्ताचं वेगळं, मध्ये गल्लत नाही. पुस्तकी मराठीत "मी शाळेत जातो" हे रोजचंही होतं आणि दप्तर उचलता उचलता म्हटलं तर आत्ताचंही होतं. "जात आहे" असं रूप आहे, पण घरात असं कोण बोलतं? आपल्याकडे घर, शेत, पानठेला, सगळीकडे "राह्यलो"च. म्हणून काळांचा सराव इथून सुरू करावा. पोरांनी घरी ऐकलेली दहा वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवायची. माय भाकरी थापून राह्यली. बैल पाणी पिऊन राह्यले. आबा रोज सकाळी वावरात जाते. डाव्या पानावर वऱ्हाडी, उजव्या पानावर इंग्रजी. दिवसाला दहा पुरेत. पन्नास दिली की पोरगं अकराव्यापासून शेजारच्या वहीत बघतं.

हा रस्ता मात्र एका ठिकाणी फसवतो. "मले समजून राह्यलं" चं "आय ॲम अंडरस्टँडिंग" होतं, "मले माहीत होऊन राह्यलं" चं "आय ॲम नोइंग". समजणं, माहीत असणं, आवडणं, हवं असणं ही मनाच्या स्थितीची क्रियापदं इंग्रजीत सहसा आयएनजी घेत नाहीत. तपासणी सोपी आहे: हे काम डोळ्यांनी होताना दिसतं का? भाकरी थापताना दिसते. समजताना कोणी दिसत नाही. दिसत नसेल तर साधा काळ. "पोट दुखून राह्यलं" चं काय, असं एखादं चलाख पोर विचारतंच. "माय स्टमक इज हर्टिंग" चालतं, "इज पेनिंग" चालत नाही, आणि सगळ्यात बरं "आय हॅव अ स्टमक-एक.".

या शेवटच्या वाक्यात दुसरी खोड लपलेली आहे. मराठीत माणूस "मले" होऊन बाजूला बसतो आणि ताप, भूक, भाऊ हेच वाक्याचे मालक होतात. मले ताप आहे. मले दोन भाऊ आहेत. इंग्रजीला हे खपत नाही, तिथे माणूस पहिल्या पाटावर: आय हॅव अ फीव्हर, आय हॅव टू ब्रदर्स. "बापानं गाय विकली" इथेही तसंच. "विकली" हे गाईच्या मागे गेलं, बापाला "नं" लागला, आणि पोरानं त्या "नं" चं "बाय" करून टाकलं: बाय फादर द काऊ सोल्ड. मग ॲक्टिव्ह-पॅसिव्हच्या धड्यात सर म्हणतात, "बाय आलं की पॅसिव्ह," आणि पोरगं पार गोंधळतं, कारण त्याच्या कानाला प्रत्येक भूतकाळ पॅसिव्हच वाटतो. धडा सुरू करण्याआधी आठवडाभर फक्त एक प्रश्न विचारावा: विकणारा कोण? तो आधी लिहा, त्याला काहीही चिकटवू नका. द फादर सोल्ड द काऊ. हे हाताला बसल्यावरच पॅसिव्हला हात घालावा.

अ आणि ॲन बद्दल फार बोलायला नको. शब्द देवनागरीत लिहून बघायचा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ. अवर, म्हणून ॲन अवर, स्पेलिंग एच पासून असलं तरी. युनिव्हर्सिटी य पासून, म्हणून अ युनिव्हर्सिटी. आणि एसटी? ए! म्हणून ॲन एसटी बस. रोमन अक्षरात पाच स्वर शोधत बसणाऱ्या शहरी पोरापेक्षा आपल्या पोराला हे लवकर कळतं.

उताऱ्याची गोष्ट वेगळी. दहावीला 80 गुणांच्या लेखी पेपरात न पाहिलेला उतारा येतो, आणि त्यात बरे गुण मिळतात म्हणून वाचन येतं असा सगळ्यांचा समज होतो. हा उतारा बघा:

"द झॉगल मेट अ ट्रिम्प नियर द ब्लोक. ही गेव्ह हिम टू फ्लिब्ज."

झॉगल ट्रिम्पला कुठे भेटला? नियर द ब्लोक. फ्लिब्ज किती? टू. पैकीच्या पैकी गुण, आणि यातला एकही नाम-शब्द पोरानं कधी ऐकलेला नाही. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य उतरवायचं, एवढीच ही विद्या. आता विचारा, फ्लिब्ज कोणी कोणाला दिल्या? पेन थांबतं. 'ही' म्हणजे झॉगल की ट्रिम्प, हे व्याकरण सांगत नाही. झॉगलच्या जागी शेतकरी, ट्रिम्पच्या जागी अडत्या, ब्लोकच्या जागी बाजार समितीचं फाटक आणि फ्लिब्जच्या जागी पावत्या ठेवल्या की जो कधी कापसाच्या गाडीवर बसून गेलाय तो पटकन सांगतो: अडत्यानं दिल्या, शेतकरी कायले पावती देईन? ही अक्कल त्याच्याकडे आहेच. फक्त उतारा पेंग्विन पक्ष्याचा असला की ती वापरायची संधी मिळत नाही.

म्हणून सरावाचा उतारा घराजवळचा हवा, आणि तो खिशातच असतो. शंभराची नोट काढा. "आय प्रॉमिस टू पे द बेअरर द सम ऑफ वन हंड्रेड रुपीज." एकच वाक्य, पण चांगले दोन तास पुरतं. रक्कम किती, हा सोपा प्रश्न. 'आय' कोण? वाक्यात उत्तर नाही, नजर खाली सहीकडे न्यावी लागते: रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. 'बेअरर' माहीत नसेल तर शब्दकोश बाजूला ठेवा. टीचर शिकवणारा, ड्रायव्हर चालवणारा, मग बेअर करणारा कोण? जवळ बाळगणारा. (पेपर आणि फिंगर या चालीत बसत नाहीत, ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.) नोट हरवली आणि दुसऱ्याला सापडली तर बेअरर कोण? इथे वर्गात भांडण लागतं, आणि इंग्रजीच्या तासाला यापेक्षा चांगलं काही होऊ शकत नाही. एक रुपयाची नोट कोणाकडे असेल तर तीही मागवा. तिच्यावर हे वचन नाही आणि सही वित्त सचिवांची. ती भारत सरकार काढतं, रिझर्व्ह बँक नाही.

घरात आणखी आहे. 45 किलोची युरियाची गोणी घ्या, कित्येक गोण्यांवर "यूज नो हुक्स" छापलेलं असतं. कर्ता नाही, तरी वाक्य पूर्ण. आज्ञा कोणाला? गोणीला लोखंडी हूक लावून उचलणाऱ्या हमालाला. ती त्यानं इंग्रजीत वाचावी ही कल्पना कोणाची, देव जाणे. फवारणीच्या औषधाच्या खोक्यातलं पत्रक त्याहून कामाचं, कारण बऱ्याचदा तोच मजकूर इंग्रजीत आणि मराठीतही असतो. मराठी भाग दुमडून इंग्रजी वाचायचं, मग उलगडून पडताळायचं. घ्यायचं ते कोरं पत्रक, बाटलीला हात लावायचा नाही. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, त्यामुळे हा उतारा नुसता मार्कांपुरता नाही.

छापील उतारा घ्यायचाच तर सव्वाशे-दीडशे शब्दांचा घ्यावा. शंभर शब्दांत पाचापेक्षा जास्त अडले तर तो आज नको, दोन महिन्यांनी. आधी प्रश्न वाचायचे. मग पेन खाली ठेवून एकदा सलग वाचायचं, अडलेल्या शब्दावर न थांबता. ही शिस्त सगळ्यात अवघड जाते, कारण शब्दागणिक मराठी अर्थ पेन्सिलीनं वर लिहायची सवय पाचवीपासून लागलेली असते. तसं केलं की वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्यायची, तीही फक्त बाणांसाठी: प्रत्येक ही, इट, दे, विच पासून ज्याच्याबद्दल बोललंय त्याच्यापर्यंत. बाण चुकला की उत्तर चुकणार, आणि नेमकं कुठे चुकलं हे सरांनाही दिसतं. उत्तर लिहिताना उतारा झाकायचा. दोन ओळी मोडक्यातोडक्या आल्या तरी चालतील, उतरवलेल्या पाच ओळींपेक्षा त्या बऱ्या.

वही तपासताना सगळं लाल करू नये. एका दिवशी एकच खोड धरायची, सोमवारी एस तर मंगळवारी बाण. तीच चूक तिसऱ्यांदा आली की तिला वहीच्या मागे वेगळं पान द्यायचं आणि तिथे त्या जातीची पाच वाक्यं पोराकडून लिहून घ्यायची, आधी वऱ्हाडीत आणि मग इंग्रजीत. आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. उन्हाळ्यात दुपारी कोणाचंच डोकं चालत नाही, सकाळी सहा ते सात एवढाच वेळ. कापूस वेचणीच्या दिवसांत तोही मिळत नाही, तेव्हा बाण आणि उतारे सोडून द्यावेत आणि दहा वाक्यांची वही तेवढी चालू ठेवावी. वेचणीत ऐकायला वाक्यं भरपूर मिळतात.