पेल्यांच्या भाड्यापासून बाटल्यांच्या हिशेबापर्यंत : आमची वाटचाल

आमच्या व्यवसायाची सुरुवात मद्यापासून नव्हे, काचेपासून झाली. लग्नसमारंभांना काचेचे पेले भाड्याने देणे, समारंभ आटोपल्यावर ते परत आणणे, धुऊन पुसून मोजणे आणि फुटलेल्यांचा हिशेब यजमानांशी मिटवणे, एवढेच आमचे काम होते. मात्र पेल्यांची मागणी नोंदवताना यजमान हमखास विचारत की पेले तुम्ही सांगाल तेवढे घेऊ, पण बीअर आणि वाइन किती आणायची? विक्रेत्याला विचारावे तर तो गरजेपेक्षा जास्तच सांगणार, ही शंका. नातेवाइकांना विचारावे तर जितकी माणसे तितके आकडे. आम्ही मद्य विकत नव्हतो आणि आजही विकत नाही, त्यामुळे आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवणे यजमानांना सोपे जाई. त्या प्रश्नाचे उत्तर नीट देता यावे म्हणून आम्ही नोंदी ठेवू लागलो, आणि हळूहळू तोच आमचा मुख्य व्यवसाय झाला.

नोंदी ठेवायला पेल्यांचा धंदा फार सोयीचा ठरला. समारंभानंतर परत आलेला पेला बरेच काही सांगतो. कोणत्या प्रकारचे पेले वापरले गेले, कोणते तसेच कोरे राहिले, किती पेल्यांत अर्धीअधिक वाइन तशीच होती, हे सारे धुण्यापूर्वीच दिसते. पाहुण्यांना किती पिणार हे आधी विचारले तर सौजन्यापोटी मिळणारे उत्तर आणि प्रत्यक्षातले पेले यांचा मेळ क्वचितच बसतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की माणसे जेवढे पितात त्यापेक्षा अधिक ओतले जाते. छायाचित्रासाठी उठताना, नाचायला जाताना किंवा कोणा जुन्या ओळखीच्या माणसाला भेटताना पेला कुठेतरी टेकवला जातो, तो कोणाचा हे विसरले जाते आणि परतल्यावर नवा घेतला जातो. खरेदीचा अंदाज बांधताना हा विसरलेला पेला धरावाच लागतो.

या क्षेत्रात सर्वत्र रूढ असलेला ठोकताळा असा आहे की पिणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागे पहिल्या तासाला दोन पेले आणि पुढील प्रत्येक तासाला एक पेला धरावा. आम्हीही त्यावरूनच सुरुवात करतो, कारण तो बऱ्यापैकी टिकतो. मात्र तो लावण्याआधी पाहुण्यांची यादी कठोरपणे चाळावी लागते. समजा, निमंत्रितांपैकी १२० जण येणार आहेत. त्यांत २० मुले आहेत आणि २५ जण मद्य घेत नाहीत. उरले ७५. समारंभ पाच तासांचा असेल तर माणशी सहा, म्हणजे एकूण ४५० पेले होतात. अनेक यजमान मात्र १२० हा आकडा धरूनच दुकानात जातात आणि तिथेच खरेदी दीडपटीच्या पुढे जाते. त्यांना आम्ही यादीतील प्रत्येक नावापुढे खूण करायला सांगतो. हे काम कंटाळवाणे खरे, पण घरातील एखादी जाणती व्यक्ती ते अर्ध्या तासात उरकते, आणि त्या अर्ध्या तासाइतकी बचत दुसऱ्या कशानेही होत नाही.

या ४५० पेल्यांची निम्मी बीअर आणि निम्मी वाइन अशी वाटणी केली, तर बीअरचे २२५ आणि वाइनचे २२५ पेले होतात. ३३० मिलिलिटरची बीअरची बाटली आणि १५० मिलिलिटर वाइन यांना एकेक पेला मानण्यास आधार आहे. ५ टक्के मद्यार्काच्या बीअरच्या त्या बाटलीत १६.५ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो, तर १२.५ टक्क्यांच्या वाइनच्या पेल्यात १८.७५ मिलिलिटर. फरक आहे, पण खरेदीच्या हिशेबाला चालण्याजोगा. वाइनची नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची असते, म्हणजे पाच पेले. २२५ पेल्यांना ४५ बाटल्या, अर्थात बाराच्या चार पेट्या आणि त्यांत तीन बाटल्या वरकड. बीअरच्या २२५ बाटल्यांना चोवीसच्या दहा पेट्या घ्याव्या लागतात आणि त्यांतल्या १५ उरतात. इथपर्यंतचे गणित शाळकरी आहे आणि ते कोणीही मांडू शकेल. आमचे काम त्यानंतर सुरू होते.

वाइनची बाटली पाच पेल्यांची, हे कागदावर ठीक आहे. परंतु वाइनचा पेला मुद्दाम मोठा घडवलेला असतो; पोटाशी रुंद आणि तोंडाशी किंचित निमुळता, जेणेकरून सुगंध आत साठावा. अशा पेल्यात १५० मिलिलिटर वाइन ओतली की तो रिकामा वाटतो, आणि वाढणाऱ्याला पाहुण्यासमोर कंजूष दिसायचे नसते. त्याचा हात आपोआप सैल पडतो व एका बाटलीत पाचाऐवजी चारच पेले भरतात. वरच्या उदाहरणात ४५ ऐवजी ५७ बाटल्या लागतील, म्हणजे पूर्ण एक पेटी जास्त, आणि ती कोणी अधिक प्यायल्यामुळे नव्हे. खरेदीचा आकडा दुकानात ठरतो असे सगळ्यांना वाटते. आमच्या मते तो ओतणाऱ्याच्या मनगटात ठरतो. म्हणूनच आम्ही मोठे पेले कमी करून मध्यम आकाराचे पेले वाढवले, त्यांवर १५० मिलिलिटरपाशी बारीक रेघ काढून घेतली आणि समारंभाआधी वाढणाऱ्या मंडळींकडून पाणी ओतून सराव करून घेण्याची पद्धत ठेवली. युरोपातील काही देशांत पेल्यावरील मापाची रेघ कायद्यानेच आवश्यक असते. ती ग्राहकाला पुरेपूर माप मिळावे म्हणून असते, आमची रेघ नेमक्या उलट कारणासाठी आहे.

दुसरा नियम असा की पाहुण्याचा पेला रिकामा झाल्यावरच भरावा. फिरत फिरत अर्धा पेला भरत राहण्याने आदरातिथ्य झाल्यासारखे वाटते, पण आपण किती घेतले याचा अंदाज पाहुण्याला राहत नाही आणि आम्हालाही राहत नाही. बाटल्या मेजावर उघडून ठेवण्यालाही आमचा विरोध असतो. दहा मेजांवर लाल आणि पांढऱ्या वाइनची एकेक बाटली ठेवली की वीस बाटल्या एकदम उघडल्या जातात, आणि शेवटी त्यांतील बऱ्याच अर्ध्या राहतात.

बीअर आणि वाइनची वाटणी निम्मीनिम्मी असावी असा काही नियम नाही. दुपारचा, उघड्यावरचा, उन्हाळ्यातील समारंभ असेल तर बीअर आणि थंड पांढरी वाइन पुढे जाते. थंडीतील संध्याकाळी लाल वाइनचा वाटा वाढतो. जेवणाच्या वेळी वाइन चालते आणि नाच सुरू झाला की पुन्हा बीअर. पाहुणे कोण आहेत ते यजमानालाच ठाऊक असते, म्हणून या बाबतीत आम्ही सल्ला कमी देतो आणि प्रश्न अधिक विचारतो. फक्त प्रकार वाढवू देत नाही. चार तऱ्हेच्या वाइन ठेवल्या की प्रत्येकीची राखीव बाटली वेगळी धरावी लागते आणि उघडून राहिलेल्या बाटल्याही तेवढ्याच प्रकारच्या होतात. एक लाल, एक पांढरी आणि फार तर दोन बीअर, यापुढे आम्ही जात नाही.

शुभेच्छांच्या प्याल्यासाठी फेसाळ वाइन हवी असेल तर १२५ मिलिलिटरच्या मापाने बाटलीत सहा पेले बसतात. ७५ जणांना १३ बाटल्या पुरतात. हे पेले एकूण हिशेबातून वजा करायचे की नाहीत यावर आमच्याच कार्यालयात दोन मते आहेत. आम्ही निम्मे वजा करतो, कारण बरेच पाहुणे दोन घोट घेऊन तो पेला बाजूला ठेवतात आणि आपले नेहमीचे पेय मागतात.

बीअर बाटलीतून द्यावी की केगमधून, म्हणजे नळ लावलेल्या धातूच्या पिंपातून, हा प्रश्न मोठ्या समारंभांत येतो. ५० लिटरच्या केगमधून ३३० मिलिलिटरचे साधारण १५० पेले निघायला हवेत, पण काही बीअर फेसात जाते. केग नीट थंड झाला नसेल किंवा आणताना हिंदकळला असेल तर फेस आवरत नाही, म्हणून तो आधी आणून, थंड करून, स्थिर ठेवावा लागतो. आम्ही दहावा भाग फेसासाठी सोडतो. वरच्या उदाहरणात बीअर सुमारे ७४ लिटर लागते. त्यासाठी ५० लिटरचा एक आणि ३० लिटरचा एक केग घेतला तर फेस वजा जाता ७२ लिटर, म्हणजे २१८ पेले हाती येतात. उरलेल्या गरजेसाठी बाटल्यांची एक पेटी घ्यावी, तिसरा केग घेऊ नये. उघडलेला केग परत करता येत नाही. बाटल्यांची सीलबंद पेटी करता येते.

परत करण्याच्या या मुद्द्याने आमच्या व्यवसायाला खरे वळण दिले. अनेक विक्रेते न उघडलेला माल परतीच्या बोलीवर देतात. ती बोली आधी ठरवून लेखी घेतली की कमी पडेल का जास्त होईल, ही यजमानाची धास्ती निम्म्याने उतरते. मात्र परत येणारी बाटली पुन्हा विकण्याजोगी असावी, अशी विक्रेत्याची रास्त अट असते, आणि बर्फाच्या पाण्यात तास-दोन तास राहिलेल्या बाटलीचा कागदी लेबल सुटलेला असतो. म्हणजे जी बाटली बर्फात गेली ती बहुधा विकत घेतलीच. सगळा माल सकाळीच टबात ओतून मोकळे होण्याची घाई परतीची बोली निरर्थक करून टाकते.

म्हणून आम्ही थंड करण्याचे टप्पे पाडतो. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणात बाटली कितीतरी लवकर थंड होते, कारण पाणी काचेला सर्व बाजूंनी भिडते, तर नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते. अशा टबात अर्ध्या तासाच्या आसपास बीअर पिण्याजोगी होते. एक लिटर बीअर ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायला फक्त द्रवासाठी सुमारे एक तृतीयांश किलो बर्फ वितळावा लागतो. बाटलीची काच, टब आणि भोवतालची हवा यांचा भार धरून आम्ही लिटरमागे एक किलो बर्फ घेतो. पुढच्या तासाला लागेल तेवढाच माल टबात, बाकीचा कोरडा, सावलीत, पेट्या न फोडता. सावलीचा आग्रह बीअरसाठी विशेष आहे, कारण हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतील बीअरला ऊन लागले की हॉप्समधील, म्हणजे बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधील, घटकांवर प्रकाशाची क्रिया होऊन तिला उग्र दर्प येतो. लाल वाइनला टब लागतच नाही; १४ ते १८ अंशांवर ती चांगली लागते, पण उन्हाळ्यात तिलाही थोडा वेळ थंडावा द्यावा.

राखीव किती ठेवावे, याचे उत्तर परतीच्या बोलीवर अवलंबून असते. परत घेणारा विक्रेता असेल तर आम्ही दहा टक्के जास्त घेतो; नसेल तर हिशेबाइतकेच घेतो आणि शेवटच्या तासाला एक प्रकार संपला तरी दुसरा उपलब्ध असेल, एवढे पाहतो. वाइनच्या दोन बाटल्या मात्र कोणत्याही परिस्थितीत जादा असाव्यात. नैसर्गिक बुचातील दोषामुळे एखाद्या वाइनला ओलसर पुठ्ठ्यासारखा वास येतो आणि तो दोष बाटली उघडल्याशिवाय कळत नाही. स्क्रूच्या झाकणाच्या बाटल्यांत ही अडचण जवळपास नसते, आणि समारंभात त्या उघडायलाही वेळ लागत नाही. आम्ही शक्यतो त्याच सुचवतो.

पाण्याची खरेदी आम्ही मद्याच्या यादीतच लिहितो, वेगळ्या यादीत नाही. तहानलेला माणूस समोर पाणी नसेल तर बीअरने तहान भागवतो. पाण्याने मद्याचा निचरा लवकर होत नाही हे खरे, तरी हाताशी पाणी असले की पेल्यांमधील अंतर वाढते आणि बाटल्यांचा आकडा उतरतो. मद्य न घेणाऱ्या त्या २५ जणांची आणि मुलांची पेयेही त्याच काळजीने मोजावी लागतात. ते काही उरलेसुरले पिणारे पाहुणे नव्हेत. समारंभ संपण्याच्या अर्धा ते एक तास आधी मद्य देणे थांबवावे, असे आम्ही करारातच नमूद करतो. यजमान सुरुवातीला कुरकुरतात, पण गाडी चालवून घरी जाणाऱ्यांची आठवण करून दिली की बहुतेक जण सही करतात. सही न करणाऱ्यांचे काम आम्ही घेत नाही.

आज यजमानाने पाहुण्यांची खुणा केलेली यादी, समारंभाची वेळ आणि जागा कळवली की आम्ही एका पानाचा तक्ता देतो. त्यात प्रत्येक प्रकाराच्या पेट्या, बर्फ, पेले, टबात माल टाकण्याच्या वेळा आणि परतीच्या पेट्यांची जागा लिहिलेली असते. समारंभानंतर आमची माणसे सीलबंद पेट्या मोजून विक्रेत्याकडे पोहोचवतात आणि उघडलेल्या बाटल्या बूच लावून यजमानांच्या स्वाधीन करतात. त्यांतील शांत, म्हणजे फेसाळ नसलेली, वाइन फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते, फेसाळ वाइन खास झाकण लावले तरी फार तर एक-दोन दिवस. हातपंपाने हवा भरलेल्या केगमधील बीअर मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावी, असे तक्त्याच्या शेवटच्या ओळीत छापलेले आहे.