शेवटचे ३० सेकंद

हँडबॉलच्या रेफ्रींच्या उजळणी वर्गात शेवटच्या सेकंदांत थ्रो अडवण्याबद्दलचा नियम ८:१० आला की मी एकच चित्रफीत लावते. १५ डिसेंबर २०१९, जपानमधलं कुमामोतो, महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, नेदरलँड्स विरुद्ध स्पेन. २९-२९ अशी बरोबरी, घड्याळात थोडेच सेकंद उरलेले, थ्रो-ऑफ, म्हणजे गोलनंतर मध्यरेषेवरून खेळ पुन्हा सुरू करणारा थ्रो, डचांचा. स्पेनच्या एका खेळाडूनं तो अडवला. लाल कार्ड आणि वर सेव्हन मीटर, म्हणजे गोलपासून सात मीटरवरून मारायचा पेनल्टी थ्रो. स्पर्धेत सर्वाधिक ७१ गोल करणाऱ्या लोइस आबिंगनं तो मारला आणि ३०-२९ नं नेदरलँड्सनं पहिलंवहिलं विश्वविजेतेपद घेतलं.

या खेपेच्या वर्गात फीत संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. ती डावखुरी, स्वतः राइट विंगला, म्हणजे उजव्या कडेला, खेळलेली. म्हणाली, "मॅडम, पण यात कार्मेन मार्तीनचं काय?" बाकीचे हसले, कारण मार्तीन स्पेनच्या त्या संघात असली तरी कार्ड तिला नव्हतंच. मला तो प्रश्न अजिबात हसण्यासारखा वाटला नाही. अजून डोक्यातून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी मार्तीनविषयी. आल्मेरिया प्रांतातल्या रोकेतास दे मार या समुद्रकाठच्या गावची, जन्म १९८८ चा. डावखुरी राइट विंग. संघात डावखुरी मुलगी का शोधतात, हे बाहेरच्याला सहसा कळत नाही. कोर्ट ४० बाय २० मीटर, गोल ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. गोलरेषेवर खांबापासून ६ मीटरपर्यंत गोलकीपरचं क्षेत्र, त्यापुढे साइडलाइनपर्यंत उरतात जेमतेम अडीच मीटर. विंगचं घर तेवढंच. उजव्या कोपऱ्यातून उजव्या हाताची मुलगी उडाली तर तिचा हात गोलरेषेकडे राहतो, गोलीनं जवळचा खांब धरला की तिच्यासमोर गोलच उरत नाही. डावखुरीचा हात मैदानाच्या आतल्या बाजूला असतो. शिवाय क्षेत्राबाहेरून उडी घेऊन, जमिनीला पाय लागायच्या आत चेंडू सोडायची मुभा आहे. त्यामुळे चांगली विंग सरळ पुढे उडत नाही, सेव्हन मीटरच्या खुणेच्या दिशेनं आत उडते. हवेत जितकं आत जाल तितका कोन उघडतो. गोली बाहेर आली की डोक्यावरून लॉब, पाय उघडले की खाली, नाहीतर मनगट फिरवून टप्पा पडल्यावर आत वळणारा फिरता चेंडू. हे सगळं ३२५ ते ३७५ ग्रॅमच्या चेंडूनं, अंगावर बचावपटू येत असताना, एका उडीत.

या कामात मार्तीन अव्वल होती. २०१४ च्या युरोपियन स्पर्धेच्या सर्वोत्तम संघात राइट विंग म्हणून तिचीच निवड झाली. स्पेन मात्र तेव्हाही अंतिम सामन्यात नॉर्वेकडून २८-२५ नं हरला. त्याआधी २०११ च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकात कांस्य. २०१२ ला लंडन ऑलिंपिकमध्ये पुन्हा कांस्य, तेही कोरियाविरुद्ध दोन वेळा जादा वेळ खेळून, ३१-२९. साठ मिनिटांचा सामना ८० मिनिटं चालला. २०१६ मध्ये बुखारेस्टच्या सीएसएम क्लबकडून तिनं चॅम्पियन्स लीग जिंकली. हंगेरीच्या ग्यूर क्लबविरुद्धचा तो अंतिम सामना सेव्हन मीटरच्या शूटआउटवर सुटला होता. म्हणजे क्लबसाठीचं सर्वात मोठं यश सेव्हन मीटरवर मिळालं आणि देशासाठीचं सेव्हन मीटरवर गेलं. २०१९ च्या उपांत्य सामन्यात स्पेननं नॉर्वेला २८-२२ असं धुतलं होतं. राष्ट्रीय संघाचं पहिलं विश्वविजेतेपद इतकं जवळ त्याआधी कधीच आलं नव्हतं.

त्या मुलीला हेच म्हणायचं होतं. चूक एकीची, शिक्षा सगळ्या संघाला. एवढ्या वर्षांची मेहनत एका शिट्टीवर गेली, हा कसला नियम?

माझ्या मते नियम योग्यच आहे. २०१६ पूर्वी तो शेवटच्या मिनिटाला लागू होता आणि थ्रो अडवणाऱ्याला लाल कार्ड मिळायचं, वर लेखी अहवाल जायचा. पण समोरच्या संघाच्या हाती काय पडायचं? तोच थ्रो पुन्हा. तोवर बचाव जागेवर. जिंकत असलेल्या संघाचे प्रशिक्षक खुशाल एका खेळाडूचा बळी द्यायचे, कारण हिशेब फायद्याचा होता. २०१६ मध्ये कालावधी ३० सेकंदांवर आणला आणि लाल कार्डासोबत सेव्हन मीटर जोडला. तेव्हापासून हा धंदा परवडेनासा झाला. चेंडू खेळात नसताना थ्रो रोखला, लांबवला, हातातला चेंडू सोडला नाही, चेंडू घेणारीच्या आड आलं, यातलं काहीही शिक्षेला पुरेसं असतं. धक्का मारायची गरज नाही. उद्देश मात्र समोरच्याला शॉट घेऊ न देण्याचा हवा.

"पण ती तर परत धावत होती," दुसऱ्या एकानं कार्ड मिळालेल्या त्या खेळाडूबद्दल हरकत घेतली. इथे मी सगळ्यांना मैदानात नेलं, कारण हे फळ्यावर समजत नाही.

गोल झाल्यावर थ्रो-ऑफ मध्यरेषेवरून होतो. तेव्हाच्या नियमानुसार थ्रो घेणारीचा एक पाय मध्यरेषेवर हवा, मध्यबिंदूपासून दीड मीटरपर्यंत इकडेतिकडे चालायचं. मध्यभागी चार मीटर व्यासाचं वर्तुळ आलं ते २०२२ मध्ये. शिट्टीनंतर तीन सेकंदांत चेंडू सोडायचा. प्रतिस्पर्धी तीन मीटर लांब हवेत, पण गोलनंतर ते कोर्टाच्या कुठल्याही अर्ध्यात असू शकतात. मेख इथेच आहे. आत्ता गोल करून आलेल्या संघाचे खेळाडू थ्रो घेणाऱ्यांच्या पाठीमागून, त्यांच्यातूनच वाट काढत परत येत असतात. विंग सर्वात लांब असते, पण ती साइडलाइनच्या कडेनं धावते, कुणाच्या आड येत नाही. पिव्हट, म्हणजे समोरच्या बचावात घुसून उभी राहणारी खेळाडू, सहा मीटरच्या रेषेवर बरोबर मध्यभागी असते. ती वळून नाकासमोर धावली की थेट थ्रो-ऑफच्या जागेवर पोचते, तेही गोलीनं मध्याकडे चेंडू फेकला त्याच क्षणी.

आम्ही तसंच करून पाहिलं. गोलीनं जाळीतून चेंडू काढून मध्यावर फेकला, शिट्टी, एक पास, धाव, शॉट. सराव असेल तर पाच-सहा सेकंद पुरतात. थ्रो-ऑफवरून थेट गोलही ग्राह्य असतो. समोरचा संघ गोली बाहेर काढून सात जणींनी हल्ला करत असेल, तर रिकामा गोल समोर असतो. त्यामुळे "एवढ्या कमी वेळात काय झालं असतं" हा युक्तिवाद हँडबॉलमध्ये टिकत नाही.

रेफ्रीला हे दिसतं कुठून, तेही महत्त्वाचं. गोलवेळी गोलरेषेवर असलेला रेफ्री दोन छोट्या शिट्ट्या देतो आणि लगेच कोर्ट रेफ्री होऊन मागून धावत येतो. दुसरा उलट्या गोलकडे पळतो. थ्रो-ऑफची शिट्टी मागून येणाऱ्याची. त्याला दिसतात त्या परतणाऱ्या खेळाडूंच्या पाठी. मान वळली का, चेंडू येताना पाहून पाऊल आडवं पडलं का, की ती खरंच निव्वळ धावत होती, हे त्या पाठीवरून ओळखायचं. विश्वचषकात व्हिडिओ पाहायची सोय असते. आपल्याकडच्या सिमेंटच्या मैदानावर ती नाही. कित्येकदा सर्वांना दिसेल असं घड्याळही नसतं, टाइमकीपरच्या हातातलं स्टॉपवॉच हाच काय तो आधार. मग ३० सेकंद सुरू झाले हे रेफ्रीला कळणार कसं? सामन्याआधी टाइमकीपरशी खूण ठरवून घ्या, असं दर वर्गात सांगते. फार थोडे ठरवतात. टेबलावरचं काम दुय्यम समजायची आपल्याकडे वाईट सवय आहे.

प्रशिक्षकांवर तर माझा खरा राग आहे. आघाडी राखायची कशी, सातवा खेळाडू कधी आत घ्यायचा, हे तासन्‌तास घोटून घेतात. गोल झाल्यावर पिव्हटनं कुठल्या बाजूनं परतायचं हे कुणी शिकवत नाही. दोन पावलं बाजूला, मध्यबिंदूला वळसा, नजर गोलीच्या हाताकडे, दोन्ही हात अंगाशी. एवढ्यानं बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. सेकंदभर जास्त जातो, पण चेंडूच्या वाटेतून माणूस बाजूला होतो.

मैदानावर त्या डावखुऱ्या मुलीला मी शिट्टी दिली आणि पिव्हटला मुद्दाम मधून धावायला सांगितलं. पहिल्यांदा तिनं काहीच दिलं नाही. पुढच्या वेळी लाल कार्ड आणि सेव्हन मीटर. दोन्ही वेळा पिव्हटची धाव जवळपास सारखीच होती. पहिल्या वेळी का सोडलंस, विचारलं, तर म्हणाली, "चेंडू तिच्या पाठीवर आला, तिनं पाहिलाच नव्हता." दुसऱ्या वेळी तिच्या मते पिव्हटनं खांदा आत घेतला होता. पिव्हट म्हणत होती, घेतला नव्हता. उरलेल्यांची मतं निम्मी इकडे, निम्मी तिकडे. नियमाचं कलम सगळ्यांना पाठ होतं. वाद त्या खांद्यावरच होता आणि तो खांदा मला स्वतःलाही नीट दिसला नव्हता.