विड्याचं पान ही भाजी आहे का? कायद्याच्या पहिल्या वर्षासाठी

हा प्रश्न अकोल्याच्या पानविक्रेत्यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला होता. रामावतार बुधईप्रसाद विरुद्ध असिस्टंट सेल्स टॅक्स ऑफिसर, अकोला, निकाल १९६१ चा. लॉ कॉलेजात नुकताच प्रवेश घेतलेल्याने पहिला निकाल कोणता वाचावा, असं विचारलं तर माझं उत्तर हेच असतं. केशवानंद भारती, म्हणजे संविधानाच्या मूलभूत चौकटीचा निकाल, पुढे वाचायचाच आहे, पण त्याची शेकडो पानं पहिल्या सत्रात समोर आली की विद्यार्थी बिचकतो आणि गाईडकडे वळतो. पानांचा निकाल छोटा आहे आणि वस्तुस्थितीबद्दल त्यात वाद नाही. कायद्याचा युक्तिवाद कसा उभा राहतो, हे त्यात ओळीओळीला दिसतं.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा १९४७ चा विक्रीकर कायदा होता. करमाफी असलेल्या मालाची यादी त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत होती. नोंद ६ होती ‘व्हेजिटेबल्स’ आणि नोंद ३६ होती ‘विड्याची पानं’. १९४८ च्या दुरुस्तीने नोंद ३६ काढून टाकली. त्यानंतर खात्याने पानांवर कर लावला. व्यापाऱ्यांचं म्हणणं असं की ३६ गेली तरी ६ शिल्लक आहे. पान वेलीला येतं, आणि वनस्पती किंवा तिचा कोणताही भाग हा ‘व्हेजिटेबल’चा एक अर्थ इंग्रजी शब्दकोशातच दिलेला आहे.

इथे थांबा आणि निकाल पुढे न वाचता वहीत एका वाक्यात मुद्दा लिहा. बहुतेकांचं पहिलं वाक्य ‘पानांवर कर लावणं योग्य आहे का?’ असं येतं. हा धोरणाचा प्रश्न झाला. तो विधिमंडळाचा आहे, न्यायालयापुढे तो नव्हताच. दुसरा प्रयत्न ‘पान ही भाजी आहे का?’ असा असतो. तो जवळ आला, पण कोणत्या कामासाठी भाजी, हे त्यात राहिलं. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात याचं उत्तर एक येईल आणि मंडईत दुसरं. मुद्दा असा लिहायचा: ‘या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या नोंद ६ मधील व्हेजिटेबल्स या शब्दात, नोंद ३६ वगळल्यानंतर, विड्याची पानं येतात का?’ कायदा, नोंद, वादातला शब्द आणि वस्तुस्थितीतली निर्णायक गोष्ट, चारही त्या एका वाक्यात यायला हवीत. यातलं एक जरी सुटलं तरी पुढचं उत्तर भरकटतं. मुद्दा नीट लिहायला अर्धा तास लागला तरी तो वाया गेला असं समजू नका.

आता न्यायालयाने काय केलं ते पाहा. न्या. जे. एल. कपूर यांनी लिहिलेल्या निकालात दोन कारणं आहेत, आणि ती वेगवेगळी ओळखता येणं हाच या निकालाचा खरा धडा आहे. पहिलं कारण शब्दाच्या अर्थाचं. विक्रीकराच्या कायद्यातला रोजच्या वापराचा शब्द तांत्रिक किंवा वनस्पतिशास्त्रीय अर्थाने घ्यायचा नाही. लोक व्यवहारात तो ज्या अर्थाने वापरतात, त्याच अर्थाने घ्यायचा. दुसरं कारण कायद्याच्या इतिहासाचं. विधिमंडळाने भाज्या आणि पानं यांच्या दोन स्वतंत्र नोंदी केल्या आणि नंतर पानांची नोंद काढली. त्याअर्थी पानांची माफी संपवण्याचाच हेतू होता. कर कायम राहिला.

मग या निकालाचा रेशो कोणता? म्हणजे पुढच्या न्यायालयांना बांधणारं तत्त्व कोणतं? इथे वर्गात अमेरिकी कायदेपंडित वॅम्बॉ यांची कसोटी शिकवतात: तत्त्व उलटं करून पाहा, निकाल बदलत असेल तर ते रेशो, बदलत नसेल तर ऑबिटर, म्हणजे ओघात आलेलं मत. पानांच्या निकालावर ती लावून पाहा. पहिलं कारण उलटवलं, म्हणजे वनस्पतिशास्त्रीय अर्थ धरला, तरी दुसऱ्या कारणावर कर टिकू शकतो. दुसरं उलटवलं तर पहिल्यावर टिकतो. कसोटी काटेकोर लावली तर दोन्ही कारणं ऑबिटर ठरतील आणि निकालाला रेशोच उरणार नाही. निकाल दोन स्वतंत्र कारणांवर उभा असला की ही कसोटी कोसळते. ही तिची सर्वांना माहीत असलेली मर्यादा आहे, पण परीक्षेच्या उत्तरांत ती क्वचितच दिसते. अशा वेळी सर्वसाधारण भूमिका अशी की न्यायालयाने ज्या कारणांवर निकाल दिल्याचं स्वतः म्हटलं आहे, ती दोन्ही बंधनकारक मानायची.

रेशोची खरी व्याप्ती मात्र नंतरच्या निकालांतूनच कळते. बिहारच्या मोतीपूर जमीनदारी प्रकरणात ऊस ‘हिरव्या भाज्यां’त बसतो का, असा प्रश्न आला. तो निकाल १९६२ च्या एआयआरमध्ये, म्हणजे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ या निकालसंग्रहात आहे. तिथे उसाची वेगळी नोंद आधी होती आणि मग काढली, असा काही प्रकार नव्हता. त्यामुळे अकोल्याचं दुसरं कारण तिथे उपयोगाचं नव्हतं, पहिलंच पुढे गेलं. परसात किंवा शेतात पिकणारी आणि जेवणाच्या ताटात येणारी ती भाजी, असं न्यायालयाने म्हटलं आणि ऊस बाहेर ठेवला. १९७७ मध्ये पश्चिम बंगालच्या वाशी अहमद प्रकरणात ओल्या आल्याचा प्रश्न आला. आलं हा मसाला आहे, त्याची कुणी भाजी करत नाही, असं राज्याचं म्हणणं. न्यायालयाने तोच नियम लावला आणि उत्तर उलट आलं: आलं भाजीवाल्याकडे मिळतं, रोज मंडईत जाणारी गृहिणी त्याला भाजीतच धरते, आणि जेवणात ते दुय्यम असलं तरी असतंच. आलं करमुक्त ठरलं.

हे तीन निकाल ओळीने वाचले की पूर्वनिर्णय, म्हणजे पुढच्या प्रकरणांना आधार होणारा जुना निकाल, म्हणजे काय ते हाताला लागतं. नियम तोच राहिला. पान बाहेर, ऊस बाहेर, आलं आत. अकोल्याच्या निकालात ‘पान म्हणजे भाजी नव्हे’ एवढंच वाचलेल्याला आल्याच्या प्रकरणात काहीच बोलता येणार नाही. ‘शब्द न्यायालयाने आधीच ठरवलेला आहे’ एवढ्यावर भिस्त ठेवणाराही अडकेल, कारण बंगालच्या नोंदीत ‘सब्जी, तरकारी किंवा शाक म्हणून सर्वसाधारणपणे ओळखल्या जाणाऱ्या’ भाज्या असे जास्तीचे शब्द होते. पूर्वनिर्णय वापरण्याआधी दोन्ही कायद्यांचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून शब्दन्‌शब्द ताडून पाहायचा. या पायरीत गाळलेला एखादा शब्द प्रतिपक्षाचा वकील हमखास शोधतो.

निकाल वाचण्याची माझ्या मते योग्य पद्धत सांगतो. हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, सर्वात शेवटी वाचा, कारण ती संपादकाने लिहिलेली असते, न्यायालयाने नव्हे. पहिल्या वाचनात फक्त चार गोष्टी टिपा: खंडपीठात न्यायाधीश किती, प्रकरण कुठून आलं (अपील, उच्च न्यायालयातली रिट, की संविधानाच्या कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात), कोणत्या कायद्याची कोणती तरतूद, आणि शेवटी आदेश काय. न्यायाधीशांची संख्या औपचारिक तपशील वाटते, पण दाऊदी बोहरा समाजाच्या सेंट्रल बोर्ड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या डिसेंबर २००४ च्या निकालाने स्पष्ट केलं आहे की मोठ्या खंडपीठाचा निकाल लहान खंडपीठावर बंधनकारक असतो. तो पटला नाही तर लहान खंडपीठाने प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवायचं, परस्पर वेगळा निकाल द्यायचा नाही.

दुसऱ्या वाचनात समासात पेन्सिलीने प्रत्येक परिच्छेदापाशी एक अक्षर लिहा: वस्तुस्थितीला ‘व’, पक्षाच्या युक्तिवादाला ‘प’, जुन्या निकालातल्या उताऱ्याला ‘ज’, न्यायालयाच्या स्वतःच्या विवेचनाला ‘न’. हे पोरकट वाटेल, तरी करा. पहिल्या वर्षातली सर्वात मोठी चूक याने टळते. आपले न्यायाधीश दोन्ही बाजूंचे युक्तिवाद सविस्तर आणि सहानुभूतीने मांडतात. ‘असं प्रतिपादन करण्यात आलं की’ हे शब्द नजरेतून निसटले की हरलेल्या पक्षाचं म्हणणं न्यायालयाचं मत म्हणून उत्तरपत्रिकेत उतरतं. रेशो फक्त ‘न’च्या परिच्छेदांत शोधायचा. संविधानाच्या कलम १४१ ने जो कायदा बंधनकारक केला आहे तो तिथे आहे.

आता ज्युरिस्प्रुडन्सकडे, म्हणजे कायद्याच्या सिद्धान्तांकडे. हा विषय ऑस्टिन, केल्सन, सॅव्हिनी, पाउंड अशा नावांची यादी म्हणून शिकवला जातो आणि प्रत्येकाची ‘टीका’ पाच मुद्द्यांत पाठ होते. मला हे मनापासून वाईट वाटतं, कारण सिद्धान्त निकालांच्या आत वावरत असतात. इंग्लंडचे कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९५८ मध्ये एक उदाहरण दिलं: बागेत वाहन आणू नये असा नियम आहे. मोटार उघडच आली. पण सायकल, रोलर स्केट्स, मुलाची खेळण्यातली गाडी? प्रत्येक शब्दाला एक पक्का गाभा असतो आणि भोवती धूसर कड असते. कडेवर न्यायाधीशाला निवड करावी लागते, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेचे लॉन फुलर यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं: युद्धाचं स्मारक म्हणून महायुद्धातला चालू स्थितीतला ट्रक बागेत चौथऱ्यावर उभा केला तर? तो वाहनाच्या गाभ्यातच आहे, तरीही नियमाचा उद्देश विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. आता परत अकोल्याला या. विड्याचं पान ‘भाजी’च्या कडेवर आहे, आणि दोन कारणांपैकी एक भाषेतून आलं, दुसरं विधिमंडळाच्या हेतूतून. हार्ट–फुलर वादाचं उत्तर लिहिताना हे उदाहरण घ्या. बागेपेक्षा ते जास्त पटतं, कारण त्यात खऱ्या व्यापाऱ्यांचे खरे पैसे गुंतले होते.

आणि सिद्धान्त कर-नोंदींपुरताच असतो असा समज नको. १९७६ च्या एडीएम जबलपूर प्रकरणात प्रश्न असा होता: आणीबाणीत राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम २१ साठी (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला असताना, बेकायदा स्थानबद्धतेविरुद्ध दाद मागता येते का? चार न्यायाधीश ‘नाही’ म्हणाले. न्या. एच. आर. खन्ना एकटे वेगळे राहिले. जीविताचा हक्क कलम २१ ने निर्माण केलेला नाही आणि ते कलम नसतं तरी राज्याला कायद्याच्या आधाराविना कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेता आलं नसतं, ही त्यांची भूमिका. हक्क येतो कुठून, लिखित मजकुरातून की त्याच्या आधीपासून असलेल्या कशातून, हा शुद्ध सिद्धान्ताचा प्रश्न आहे आणि त्यावर त्या दिवशी माणसं तुरुंगात राहणार की सुटणार हे ठरत होतं. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने बहुमताचा तो निकाल चुकीचा ठरवून मोडीत काढला. खन्नांचं अल्पमत वाचल्याशिवाय ‘नैसर्गिक कायदा’ या प्रकरणावर नोट्स काढू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटचा भाग समस्याप्रधान प्रश्नांचा. मुद्दा, नियम, लागू करणं, निष्कर्ष हा साचा सगळ्यांना माहीत असतो, आणि गुण तिसऱ्या पायरीवर जातात. नियम दीड पान लिहिला जातो आणि मग ‘वरील तरतुदीनुसार क दोषी आहे’ असं एक वाक्य. भारतीय न्याय संहितेच्या चोरीबद्दलच्या कलम ३०३ खाली, जुन्या दंड संहितेच्या ३७८ मधून आलेली घड्याळाची दोन उदाहरणं याच्या सरावाला उत्तम आहेत. क ने घड्याळ दुरुस्तीला य कडे दिलं. क कडे य चं काही देणं नाही. क उघडपणे दुकानात जाऊन य च्या हातातून आपलं घड्याळ जबरीने घेऊन येतो. ही चोरी नाही, कारण अप्रामाणिक हेतू नाही. हल्ला किंवा अतिक्रमण कदाचित होईल. दुसऱ्या उदाहरणात एकच गोष्ट वेगळी: दुरुस्तीचे पैसे बाकी आहेत आणि य ने घड्याळ कायदेशीरपणे तारण म्हणून अडवून ठेवलं आहे. त्याचं तारण बुडवायच्या हेतूने ते काढून नेलं तर क आपल्याच घड्याळाचा चोर ठरतो.

आता वस्तुस्थिती स्वतः बदला. य म्हणाला होता, ‘घड्याळ झालं की घेऊन जा, पैसे तीन महिन्यांनी दे.’ आता? इथे करार कायद्याचं कलम १७० उघडावं लागतं. कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवण्याचा हक्क आहे, पण उलट करार नसेल तरच. त्या कलमाखाली उधारी कबूल केलेल्या शिंप्याचं उदाहरणच दिलेलं आहे. अडवण्याचा हक्क नाही, म्हणून तारण नाही, म्हणून य चं बेकायदा नुकसान नाही, म्हणून अप्रामाणिक हेतू सिद्ध होत नाही. ‘लागू करणं’ म्हणजे ही ‘म्हणून’ची साखळी, प्रत्येक कडीला एक तरतूद आणि एक वस्तुस्थिती जोडलेली. चोरीचे पाचही घटक (अप्रामाणिक हेतू, जंगम वस्तू, दुसऱ्याचा ताबा, संमती नसणं, वस्तू हलवणं) घ्या, पण ज्यावर वाद नाही ते एका ओळीत संपवा आणि सगळी जागा वादाच्या घटकाला द्या. सर्व घटकांना सारखी जागा देणारं उत्तर परीक्षकाला सांगतं की मुद्दा सापडलेला नाही.

पुढच्या आठवड्यासाठी एक काम. कमिशनर ऑफ सेल्स टॅक्स, मध्य प्रदेश विरुद्ध जसवंत सिंग चरण सिंग, १९६७. नोंदीतले शब्द होते ‘कोल’ आणि त्यात सर्व प्रकारचा कोक. व्यापारी सरपण आणि लाकडाचा कोळसा विकत होता. निकाल उघडण्याआधी एक पान खात्याच्या बाजूने लिहा, एक पान व्यापाऱ्याच्या बाजूने. दोन्हीकडे पान, ऊस आणि आलं हे तिन्ही खटले घ्यायचे, मात्र आल्याचा खटला नंतरचा आहे हे लक्षात ठेवून १९६७ च्या वकिलाला त्यातलं काय वापरता आलं नसतं तेही बाजूला लिहा. मग निकाल वाचा आणि न्यायालयाने वापरलेलं पण तुमच्या दोन्ही पानांवर नसलेलं कारण लाल पेनाने खाली उतरवा.