तुम्ही विचारलेत म्हणून: औषध मिळते, मग घर कशाला?

एचआयव्हीसह जगणाऱ्या ट्रान्स व्यक्तींसाठी आम्ही एक घर चालवतो, आणि चालवणाऱ्या आम्हीही त्यांच्यातल्याच आहोत. हे कळले की बहुतेक जण मला विचारतात की औषध मिळतेच आहे, तर घराचा एवढा आग्रह कशासाठी, आणि ते तुम्हीच का चालवायचे? विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते, म्हणून नीट उत्तर द्यावेसे वाटते.

औषधाबद्दलचे म्हणणे खरे आहे. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती नेमाने घेतली तर रक्तातील विषाणूंचे प्रमाण खाली येते, आणि दर मिलिलिटरमागे 200 प्रतींच्या खाली ते टिकून राहिले, तर शरीरसंबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही. पण नेमाने घ्यायची तर गोळी ठेवायला जागा लागते, आणि ज्याला रात्र कुठे काढायची हेच ठाऊक नाही त्याच्याकडे नेमकी तीच नसते.

मी एका निवाऱ्यात राहत असे तेव्हा डबीवरचे लेबल नखाने खरवडून काढले होते, आणि चालताना गोळ्या वाजू नयेत म्हणून आत कापूस कोंबून डबी पायमोज्यात गुंडाळत असे. कागदपत्रांवर जुने नाव असल्यामुळे मला पुरुषांच्या खोलीत झोपायला सांगितले गेले, तेव्हा मी त्यापेक्षा रस्ता बरा मानला, आणि तिथे तिसऱ्याच रात्री पिशवी गेली. पुढची डबी हाती यायला एकोणीस दिवस लागले. उपचार केंद्रातल्या नोंदीत माझ्या नावापुढे ‘अनियमित’ एवढेच लिहिले गेले. पिशवी कुठे गेली, हे कुणी विचारले नाही.

म्हणून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी कुलपाचा एक कप्पा आणि त्याची किल्ली मिळते. गोळी चुकली म्हणून आम्ही कुणाला घराबाहेर काढत नाही. यावरून माझे अनेकांशी वाद झाले आहेत, कारण शिस्तीसाठी अट हवी असे त्यांना वाटते. पण छप्पर काढून घेतल्यावर गोळ्या नियमित झालेले एकही माणूस मी पाहिलेले नाही.

आता ‘तुम्हीच का’ याविषयी. एक मुलगी डॉक्टरांना दर वेळी “विसरले” असे सांगत होती. रात्री भांडी विसळताना आमच्यातल्या एकीने तिला सहज विचारले, “हार्मोन्सवर परिणाम होईल अशी भीती वाटते का ग?” ती बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली, आणि मग हो म्हणाली. तिची भीती अगदीच निराधार नव्हती, कारण एफाविरेन्झ या एचआयव्हीवरच्या जुन्या औषधाने, आमच्यातल्या अनेकजणी घेतात त्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची पातळी घटू शकते. मात्र 2019 पासून जागतिक आरोग्य संघटना ज्याला पहिली पसंती देते, त्या डोल्युटेग्राविर या एचआयव्हीवरच्या औषधाच्या बाबतीत तशी अडचण सहसा येत नाही. दुसऱ्या दिवशी दोघी मिळून डॉक्टरांकडे गेल्या आणि एचआयव्हीचे औषध आणि हार्मोन्स या दोन्हींविषयी एकत्र बोलल्या. तो प्रश्न विचारायला पदवी लागली नाही. पण जिने स्वतः कधीतरी त्याच भीतीने गोळी टाळली होती, तिलाच तो सुचला.

ही कल्पना आमची नव्हे. न्यूयॉर्कमध्ये 1970 साली सिल्व्हिया रिव्हेरा आणि मार्शा पी. जॉन्सन या ट्रान्स हक्कांसाठी लढणाऱ्या दोघींनी स्टार ही संघटना काढली आणि रस्त्यावर आलेल्या मुलांना आसरा दिला; त्यांच्या घराचे भाडे या दोघी देहविक्रय करून भरत, ते अशासाठी की मुलांवर ती वेळ येऊ नये. 1971 मध्ये त्यांना ते घर सोडावे लागले. पुढे मार्शा स्वतः एचआयव्हीसह जगल्या, आणि सिल्व्हिया यांच्यावर बेघर होऊन नदीकाठच्या धक्क्यांवर राहण्याची पाळी आली. मला हा इतिहास अभिमानाइतकाच धास्तीनेही आठवतो. दुसऱ्यांना आधार देणाऱ्या बाईचे स्वतःचे भाडे कोण भरणार, याचे उत्तर तेव्हा कुणाकडे नव्हते. म्हणून सोबतीच्या या कामाला मानधन नव्हे, तर पगार, रजा आणि आजारपणाची सोय हवी, असे मी देणगीदारांना प्रत्येक बैठकीत सांगते.

आणखी एक प्रश्न याला जोडूनच येतो, की एकीला किती दिवस राहू देता? तिच्या स्वतःच्या नावावर भाडेकरार होईपर्यंत. कुणाला चार महिने लागतात, एकीला तीन वर्षे लागली.