पायथॉनचं सी एक्स्टेंशन बांधताना: फ्लॅग कुठून येतात, कोणता टिकतो

सीमध्ये लिहिलेलं एक पायथॉन मॉड्यूल (म्हणजेच सी एक्स्टेंशन) मला डीबगरखाली चालवायचं होतं. म्हणजे कंपाइलरचं ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणं) बंद, त्यासाठी -ओ० हा फ्लॅग (कंपाइलरला दिलेली सूचना), आणि कोडमधले असर्ट (अट खोटी ठरली की प्रोग्राम थांबवणाऱ्या तपासण्या) चालू. सीफ्लॅग्ज या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये -ओ० लिहून मॉड्यूल बांधलं, तरी असर्ट गप्पच राहिले.

याचं कारण पायथॉनच्या स्वतःच्या बांधणीत आहे. पायथॉन ज्या फ्लॅगांनी कंपाइल झालं ते सिसकॉन्फिग मॉड्यूलमध्ये नोंदलेले असतात आणि सेटअपटूल्स हे बांधणीचं साधन तेच आपल्या एक्स्टेंशनला लावतं. त्यात सहसा -ओ२ किंवा -ओ३ असतो, आणि एनडीबग हा मॅक्रोही (कंपाइलच्या वेळी ठरवलेलं नाव) असतो. हा मॅक्रो असला की असर्ट कंपाइलच होत नाहीत. ओ०चा त्याच्याशी संबंध नाही. एक्स्टेंशनच्या व्याख्येत अनडेफ मॅक्रोज या यादीत एनडीबग लिहिलं की प्रश्न सुटतो.

क्रम नीट लक्षात ठेवा, सगळं त्यावर आहे. आधी पायथॉनचे फ्लॅग, मग आपले सीफ्लॅग्ज, मग मॅक्रो आणि इन्क्लूड, आणि सोर्स फाइलच्याही नंतर, सगळ्यात शेवटी, एक्स्ट्रा कंपाइल आर्ग्ज (सेटअप फाइलमध्ये एक्स्टेंशनला दिलेले जादा फ्लॅग). जीसीसी आणि क्लँग हे कंपाइलर शेवटचा -ओ मानतात. म्हणून पॅकेजच्या लेखकाने सेटअप फाइलमध्ये -ओ३ घातला असेल, तर बाहेरून दिलेला -ओ० हरतो. ती फाइलच बदलावी लागते.

-ओ० सोबत आणखी एक कटकट येते. बऱ्याच लिनक्स वितरणांच्या फ्लॅगांत फोर्टिफाय सोर्स हा सुरक्षा-तपासणीचा मॅक्रो असतो, आणि त्याला ऑप्टिमायझेशन लागतं. त्यामुळे प्रत्येक फाइलवर वॉर्निंग येते, आणि वॉर्निंगला एरर मानणारा फ्लॅग असेल तर बांधणीच थांबते. मी अशा वेळी -ओजी, म्हणजे डीबगिंगला न अडवणारं हलकं ऑप्टिमायझेशन, वापरतो. डीबगरला तो बहुतेकदा पुरतो.

आता सगळ्यात वेळखाऊ चूक: फ्लॅग बदलले तरी जुनंच मॉड्यूल चालत राहणं. सेटअपटूल्स फक्त सोर्स फाइलींच्या वेळा बघतं, फ्लॅग बदलले हे त्याला कळत नाही. म्हणून बिल्ड फोल्डर काढून टाका किंवा बिल्ड-एक्स्ट या बांधणीच्या कमांडला फोर्स हा पर्याय द्या. पॅकेज बसवणाऱ्या पिपचंही तेच: नो-बायनरी दिलं की तयार व्हील (आधीच बांधलेलं पॅकेज) उतरवलं जात नाही, पण आधी स्थानिक बांधलेलं कॅशमधून उचललं जाऊ शकतं. नो-कॅश-डिर सोबत द्या, आणि -व्ही देऊन कंपाइलरची खरी ओळ स्वतः वाचा. तिथे जे दिसतं तेच खरं.

वेगासाठी फ्लॅग वाढवताना -मार्च=नेटिव्ह (याच मशीनच्या प्रोसेसरसाठी कोड बनव) फक्त त्याच मशीनवर वापरायच्या मॉड्यूलला लावा. ते व्हील जुन्या प्रोसेसरवर नेलं तर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून प्रोसेस मरते.

-एफफास्ट-मॅथ (दशांश गणिताचे नियम सैल करून वेग वाढवणारा फ्लॅग) त्याहून वाईट, कारण तिथे काही मरत नाही, उत्तरं गुपचूप बदलतात. सेटअपटूल्स आपले सीफ्लॅग्ज लिंक करतानाही (कंपाइल झालेले तुकडे जोडतानाही) देतं. १३च्या आधीच्या जीसीसीत, एक्स८६ लिनक्सवर, लिंकच्या ओळीत हा फ्लॅग असेल तर शेअर्ड लायब्ररीत (म्हणजे आपल्या मॉड्यूलच्या फाइलीत) एक सुरुवातीचा कोड जोडला जातो. मॉड्यूल इम्पोर्ट होताच तो प्रोसेसरचं सेटिंग बदलतो आणि अतिसूक्ष्म सबनॉर्मल संख्या शून्य होतात. फक्त आपल्या मॉड्यूलमध्ये नाही, त्या थ्रेडवरच्या बाकीच्या पायथॉन कोडमध्येही. तपासणी सोपी आहे: इम्पोर्टनंतर सिस.फ्लोट_इन्फो.मिन ला २ने भागा. ०.० आलं तर सेटिंग बदललेलं आहे. हा फ्लॅग हवाच असेल तर सीफ्लॅग्जमध्ये न लिहिता फक्त एक्स्ट्रा कंपाइल आर्ग्जमध्ये लिहा, म्हणजे तो लिंकपर्यंत पोचत नाही; आणि गणितं खरंच सैल चालतील अशाच एक्स्टेंशनला लावा.